साडेतीनचा भोंगा

उजवा हात खांद्याच्या वर, पंजा उघडा, आणि मग चारी बोटं सावकाश आत मिटायची. तोंडातून शब्द नाही. तो हात मिटू लागला की वर क्रेनवर बसलेला माणूस टनावारी ओझं मुंगीच्या पावलानं पुढे आणायचा.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, ज्याचं खरं नाव हजेरीपुस्तकाबाहेर कुणालाच ठाऊक नसतं. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. चिंचवडच्या आमच्या कारखान्यात ते खलाशी होते. जड ओझी दोरांनी बांधायची आणि खालून हातानं खुणा करत क्रेनवाल्याला वाट दाखवायची, हे त्यांचं काम. गाव महाळुंगे, इथे एकटेच खोली करून राहायचे. मी स्टोअर्समधला कारकून. त्यांच्या भाषेत ‘भाऊसाहेब’.

माझ्याबद्दल सांगायचं तर मला उभं राहणं जमत नाही. बस यायला पाच मिनिटं असली तर मी चरफडत पुढच्या थांब्याकडे चालू लागतो आणि मधेच ती बस मला ओलांडून जाते. अशा माणसाच्या घरात भिंगरी आली. लाल रंगाची, आठ महिन्यांची कुत्री. दार उघडं दिसलं की बाण! हाक मारली की आणखी लांब.

आई गेल्यावर वडिलांना, म्हणजे नानांना, मी तळेगावहून आमच्याकडे आणलं होतं. ते दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायचे. उठायचे फक्त भिंगरीला फिरवायला. आणि एक दिवस भिंगरीनं मांजरामागे अशी झेप घेतली की दोरी हातात धरलेले नाना तोंडघशी पडले. मनगट मोडलं. बायको म्हणाली, “प्लास्टर निघायच्या आत ही सुधारली नाही, तर तिला गावाकडे शेतावर धाडून द्या. मला सासरे धडधाकट हवेत.” तिचं काय चुकलं? पण कुत्री गेली तर नाना पुन्हा भिंतीकडे वळणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मी रागारागानं भिंगरीला ओढत रस्त्यानं चाललो होतो तेव्हा मामा भेटले.

“आदी दोर सैल सोडा, भाऊसाहेब.”

“सैल सोडला तर पळेल ना ती!”

“तुमी तानता म्हून ती तानती. आमी वझं वर घेतलं की त्याला एक बारका दोर बांदतो. त्यो कदी वढायचा नसतो. नुसता हातात ठिवायचा.”

मग सुरू झालं. पहिली पाळी तीनला सुटायची. चहा पिऊन आम्ही कारखान्यामागच्या माळावर जायचो. भिंगरीनं ओढलं की थांबायचं. खांबासारखं. ती मागे वळून दोरी सैल करील तेव्हा भाकरीचा एक कुटका द्यायचा आणि पुढचं पाऊल टाकायचं. पहिल्या दिवशी वीस पावलांना अर्धा तास लागला. सायकलीवरून जाणारी पोरं ओरडायची, “भाऊसाहेब, पेट्रोल संपलं का?” मी आतून जळायचो. पाय नुसते शिवशिवायचे. मामा माझ्याकडे बघून हसायचे आणि म्हणायचे, “कुत्री शिकंल हो. तुमचं अवघड हाय.”

पंधरवड्यात दोरी झोळ खाऊ लागली. मग हाकेला येणं. पण मामांची हाक म्हणजे हातच. भिंगरीला मोकळी सोडायची, मनसोक्त हुंदडू द्यायची. शेजारच्या कंपनीत दुसऱ्या पाळीच्या सायकली शिरून फाटक बंद झालं की मामा हात वर करायचे. बोटं मिटायची, आणि माळाच्या टोकावरून भिंगरी कान मागे टाकून सुसाट यायची. रोज! एकदाही चुकली नाही. मी तर घरी जाऊन छाती फुगवून सांगितलं, की आता चिंता नाही.

म्हणूनच त्या गुरुवारी नानांना दाखवायला घेऊन गेलो. आमच्या पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असायची, विजेच्या टंचाईपायी; एरवी त्या दिवशी आम्ही माळावर जात नसू. माळ शांत होता. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून नाना दगडावर बसले. भिंगरी सोडली. मामांनी हात वर केला.

भिंगरीनं पाहिलं. पुन्हा गवत हुंगू लागली. मामांनी बोटं मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. तेवढ्यात हमरस्त्याकडे काहीतरी हललं आणि ती तिकडे निघाली. मी ओरडत धावलो. ट्रकचे ब्रेक किंचाळले. वाचली. एका हातभर अंतरानं वाचली.

तिला कवटाळून परत येताना माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. कंपनीचं फाटक बंद होतं त्याच क्षणी साडेतीनचा भोंगा वाजतो. रोज ऐकून ऐकून तो आमच्या कानाआड गेलेला. भिंगरी भोंग्याला येत होती! आज सुट्टी, भोंगा नाही, म्हणून ती आली नाही. आणि मी, अक्कल गहाण ठेवलेला माणूस, मामांवरच तुटून पडलो.

“ती भोंग्याला शिकलीय मामा, तुमच्या हाताला नाही! रोज डोक्यावर एवढा भोंगा वाजतो, तुम्हाला ऐकू येत नाही?”

मामा माझ्या ओठांकडे बघत होते. इतके दिवस मला वाटायचं, हा माणूस किती मन लावून ऐकतो.

“कंचा भोंगा?”

“साडेतीनचा.”

त्यांनी वळून फाटकाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, “त्यो अजून वाजतो व्हय?”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वीस वर्षं हातोड्यांच्या दणदणाटात काढलेला माणूस. कान कधीच गेले होते, ते कुणालाच कळू दिलं नव्हतं, आणि मी ते त्यांच्या तोंडावर फेकलं होतं. बोलले ते नाना. महिनोन् महिने ज्यांच्या तोंडून दोन वाक्यं निघत नव्हती, ते उठून मामांच्या समोर, त्यांना ओठ दिसतील असे उभे राहिले. म्हणाले, “उद्यापासून चारला या. मीही येतो.”

मग आम्ही चारला शिकवलं, पाचला शिकवलं, सकाळी पाळीच्या आधी शिकवलं. गुरुवारी तर हटकून. प्लास्टर निघालं तेव्हा भिंगरी नानांच्या बाजूनं दोरी जमिनीला टेकवत चालत होती. बायकोनं शेताचा विषय काढला नाही. तिनं मामांना जेवायला बोलावलं.

मामांनी मात्र दुसरंच ठरवलं होतं. स्वतः जाऊन साहेबांना कान दाखवले आणि काम सोडलं. मी भांडलो त्यांच्याशी, हातवारे करून भांडलो. तर म्हणाले, “वझ्याखाली मान्सं असत्यात, भाऊसाहेब. ट्रकचा बिरेक मला बी ऐकू आला न्हवता.”

ते गावी निघाले तो गुरुवारच होता. आम्हाला पोचायला उशीर झाला, आणि थांबा रस्त्यापलीकडे. चाकणची एसटी लागलेली, गर्दी उसळलेली, आणि मामा वळकटी खांद्यावर घेऊन पाठमोरे चढायच्या बेतात. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, “मामाऽ!” दोनदा, तीनदा. इतकं होऊनही मी हाकाच मारत होतो. तेव्हा रस्ता मोकळा दिसताच नानांनी नुसती मूठ उघडली. दोरी सुटली. भिंगरी माणसांच्या पायांतून घुसली आणि मामांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

मामा वळले. आम्ही दिसलो. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्याकडे बोट केलं. म्हणजे, बोलवा तिला.

मधे रस्ता, आता दोन्हीकडून ट्रक. भोंगा नाही. मी हात वर केला आणि बोटं मिटू लागलो, सावकाश, आयुष्यात कधी नव्हे इतकी सावकाश. भिंगरीनं मान वर करून मामांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आली. थेट आली. माझ्या पायाशी बसली.

घंटी वाजली. बस हलली. खिडकीतून एक पंजा बाहेर आला आणि चारी बोटं मिटली. मीही हात वर धरून उभा होतो. बस दिसेनाशी झाली तरी मला तो खाली घेता येईना. शेवटी नानांनीच तो धरून खाली आणला.