तो रडला, एवढंच सांगितलं

फिनाईलचा वास आला की मला तुरुंगातली ती भेटीची खिडकी आठवते. माझ्या दिराचा मुलगा शेजारच्या पोरीवर बळजबरी केल्याची शिक्षा भोगत होता, अन् मी भेटायला निघाले तेव्हा त्या पोरीची आई कुंपणापाशी येऊन म्हणाली होती, "बाई, त्याले एकदा विचारजा, माह्या पोरीचं काही वाटते का त्याले?" जाळीपलीकडे तो चांगला अंगानं भरलेला दिसला. "मोठी माय, माही म्हैस कशी हाये?" त्यानं आधी हेच विचारलं. म्हैस उन्हाळ्यात मेली म्हटलं, तर जाळीला डोकं टेकून हमसून हमसून रडला. मी म्हटलं, "अन् त्या पोरीचं काय रे? घराबाहेर पाय नाही टाकत ते." डोळे पुसत म्हणाला, "तिले काय झालं? घरीच तं बसून हाये. तिच्यापायी माहे धानाचे दोन रोवणे बुडाले!" मी उठलेच. परतताना आमच्या गोरेगावपर्यंत बसमध्ये एकच विचार, त्या माउलीला सांगू तरी काय? ती फाटकातच उभी होती. "रडला," एवढंच मी बोलले. खोटं नव्हतं ते. तिनं पदर डोळ्याला लावला अन् माझे दोन्ही हात घट्ट धरले. आता तिच्या दारावरून जायची वेळ आली की मी तळ्याकडच्या लांबच्या वाटेनं जाते.