तळहातांनी ऐकणारे व्याही

पुण्यात कानांनी संगीत ऐकणारे पुष्कळ आहेत. पाठीने, तळपायांनी आणि तळहातांनी ऐकणारे गृहस्थ मात्र एकच, आणि ते माझ्या मुलीचे सासरे आहेत. कारखान्याच्या वीजविभागातून ते निवृत्त झाले, आणि ज्या वयात माणसे भजनी मंडळात नाव घालतात त्या वयात इलेक्ट्रॉनिक संगीताच्या नादी लागले. "विहीणबाई, जन्मभर मोटारीचा आवाज ऐकून बिघाड शोधला. आता बिघाड नसलेला आवाज ऐकतो," असे त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितले. मी शाळेत विज्ञान शिकवले असल्यामुळे कारण समजल्याशिवाय सहसा हसत नाही. त्या दिवशी मात्र आधी हसले.

नवा अल्बम येतो तो दिवस त्यांच्या वारज्याच्या घरी व्रतासारखा पाळला जातो. दारावरची घंटा बंद, पायात चप्पल नाही, पाट मांडून पाठ स्पीकरला टेकलेली, आणि मांडीवर समास आखलेली वही. या संगीतात ठोका मध्येच थांबतो, ऐकणारे श्वास रोखतात आणि मग तो दुप्पट जोराने परततो. त्याला ही मंडळी 'ड्रॉप' म्हणतात. प्रत्येक ड्रॉपची वेळ वहीत नोंदली जाते, दहापैकी गुण दिले जातात, आणि रविवारी सकाळी चहाच्या दुकानात कॉलेजच्या व आयटीतल्या मुलामुलींसमोर ती वही उघडते. एकदा त्यांनी तिसऱ्या रचनेतल्या एका संथ, घुमणाऱ्या स्वराची अर्धा तास वाखाणणी केली. शेवटी एक मुलगी म्हणाली, "काका, आमच्याकडे हा आवाजच नाहीये. तुमचं व्हर्जन कुठलं?" पुढच्या रविवारी त्यांनी उभे राहून कबूल केले, की तो सोसायटीचा पाण्याचा पंप होता. दिलेले सात गुण मात्र कापले नाहीत.

मागच्या वर्षी त्यांचा डावा कान मंदावला आणि उजवाही त्या वाटेवर असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. मोठ्या आवाजाजवळ जायचे नाही, अशी ताकीद मिळाली. नेमक्या त्याच महिन्यात त्यांच्या आवडत्या कलावंताचा दुपारचा कार्यक्रम लोणी काळभोरच्या बाजूच्या मैदानावर ठरला होता. तिकीट वहीत जपून ठेवलेले होते. "गाणं एक वेळ सुटेल हो," ते मला हळूच म्हणाले, "पण रविवारी त्या पोरांशी बोलू काय?"

ध्वनी म्हणजे कंपन, हे मी मुलांना फुगा हातात देऊन शिकवत असे. फुगवलेला फुगा दोन्ही तळहातांत धरला, की लांबचा आवाजही त्याच्या पातळ कातडीवर थरथरतो. तोच उपाय मी त्यांना सुचवला, आणि कानांत बोळे घालून मैदानाच्या अगदी शेवटी उभे राहण्याची परवानगी डॉक्टरांकडून मिळवली. स्पीकरकडे त्यांना फिरकू देऊ नये म्हणून मुलीने मलाच पहाऱ्याला पाठवले. लाल फुगा छातीशी धरून ते डोळे मिटून उभे राहिले. रविवारची मुले त्यांना शोधत मागे आली. "काका, बर्थडे आहे का?" तीच मुलगी. ठोका थांबला, परतला, आणि त्यांनी फुगा तिच्या हातात दिला. "डोळे मिट आणि बघ. खालचा सूर आधी हाताला लागतो." तिने डोळे मिटले आणि पुढचा ड्रॉप तळहातांवर घेतला. मग इतरांनी रांग लावली, आणि व्याह्यांना स्वतःच्याच फुग्यासाठी ताटकळावे लागले.

आता त्यांच्या गटाच्या प्रत्येक निमंत्रणाखाली एक ओळ असते: फुगे आपापले आणावेत, दुसऱ्याचा मागू नये.

परवा नवा अल्बम आला आणि मलाही बोलावणे आले. त्यांचा उजवा कान आता बराच दमला आहे. मी शेजारच्या पाटावर पाठ टेकून बसले होते. मध्येच खाली पंप सुरू झालेला मला ऐकू आला. त्यांना तो ऐकू येणार नाही, असे वाटून मी गप्प राहिले. त्यांनी डोळे न उघडता तळपाय फरशीवर नीट टेकवले, पेन्सिल वहीवरून उचलली आणि म्हणाले, "पंप आहे, विहीणबाई. हा धरायचा नाही."