कुवेतला दिसणारी जाहिरात

खुर्चीवर बसण्याआधी चाचा वाकून मॉनिटरच्या मागे बघायचे. तिथे वायरींचा गुंता आणि धूळ, दुसरं काही नाही. तरी प्रत्येक वेळी बघायचे. मग खिशातून मोठा चौकटीचा रुमाल काढून तो डाव्या हाताने कीबोर्डवर धरायचे आणि त्याच्याखाली उजव्या हाताच्या एका बोटाने पासवर्ड टाकायचे. रुमालाखालची अक्षरं त्यांनाही दिसत नसत, त्यामुळे पासवर्ड हमखास चुकायचा. चुकला की माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की मीच तो मधल्या मधे बदलला असावा.

महाडला एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं सायबर कॅफे होतं तेव्हाची ही गोष्ट. लोकांचे मोबाईल अजून फक्त बोलण्यापुरते होते आणि सोशल साइटवर पैसे भरून जाहिरात देता येते हे आमच्याकडे कुणाच्या गावीही नव्हतं. मलाही नुकतंच कळलं होतं. दारावर मी हौसेने पाटी लावली, 'इंटरनेटवर जाहिरात करून मिळेल', आणि पहिलं गिऱ्हाईक आलं ते हे.

चाचांची बेकरी पोलादपूरला, महाबळेश्वरचा रस्ता फुटतो तिथे. त्यांच्या नानखटाईसाठी घाट चढणाऱ्या गाड्या थांबायच्या. येताना ते कागदात बांधून दोन-चार घेऊन यायचे. पण सरळ देतील तर ते चाचा कसले? नानखटाई मधोमध मोडायची, आतून मला दाखवायची, अर्धी मला द्यायची आणि अर्धी माझ्यादेखत स्वतः खायची. आपण जसा जगावर संशय घेतो तसा जगही आपल्यावर घेत असणार, असं त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"मी पन खातोय बघ," म्हणायचे. "घे."

त्यांचा दुसरा शब्द 'आधी दाखव'. मी जाहिरातीचे पैसे मागितले, तर आधी जाहिरात दाखव. जाहिरात दाखवली, तर ती बघणारी माणसं दाखव. ती कशी दाखवणार? तुम्हीच सांगा. मी स्वतः शिकाऊ. फोटो केवढा लागतो, अक्षरं किती बसतात, नामंजूर झाली तर का झाली, सगळं पडत-धडपडत चाललेलं. पहिली जाहिरात मी साऱ्या देशाला दाखवून टाकली. दुसऱ्या दिवशी आकडे आले, तर क्लिक करणारे निम्मे उत्तरेकडचे.

चाचांनी चष्मा वर केला. "कानपूरचा मानूस पोलादपूरला नानखटाई घ्यायला येतोय?"

मी म्हटलं, चूक झाली, गाव निवडायचं राहून गेलं. त्यावर त्यांनी मला बराच वेळ न्याहाळलं. कानपूरला माझा कोणी नातेवाईक आहे का, हेही विचारून घेतलं. आणि मग एकदम आवाज उतरवून म्हणाले, "म्हंजे जाहिरात कुनाला दाखवायची ते आपन ठरवायचं?"

मी सांगितलं, देश ठरवता येतो, वय, बाई की पुरुष, सगळं ठरवता येतं. त्या दिवशी उरलेली नानखटाई तशीच टेबलावर विसरून गेले.

पुढच्या वेळी आले आणि म्हणाले, कुवेत टाक. मला वाटलं, चेष्टा करतायत. कुवेतमधला माणूस पोलादपूरच्या बेकरीत कधी येणार? पण त्यांनी सांगितलं तसं टाकलं. मग फक्त पुरुष. मग वय, पस्तिशीच्या आसपास. प्रत्येक चौकट भरली की जाहिरात किती जणांना दिसेल तो आकडा बाजूला खाली यायचा, आणि तो खाली आला की चाचांचा चेहरा उजळायचा. जगातला प्रत्येक दुकानदार तो आकडा वाढावा म्हणून धडपडतो. हे म्हणत होते, "आनखी कमी कर."

"किती कमी करू, चाचा?"

"एक मानूस राहील असं नाय करता येत?"

आता संशय घ्यायची पाळी माझी होती. कुणीतरी यांना बुडवून आखातात पळालाय आणि हे माझ्या कॅफेतून जाळं टाकतायत, अशी माझी खात्रीच पटली. उद्या भानगड झाली तर नाव माझं. मी कीबोर्डवरचा हात काढला आणि त्यांच्याच भाषेत म्हटलं, आधी सांगा, मग करतो.

त्यांनी मागे वळून दार बघितलं. दुसरं कुणी नव्हतं. मग सांगितलं, तेही माझ्याकडे न बघता, स्क्रीनकडे बघत.

त्यांना एक धाकटा भाऊ होता. बेकरी दोघांनी मिळून उभी केली होती. नानखटाईची कृती दोघांनाच ठाऊक. भट्टीवरच्या कामगारांनाही तूप तयार करूनच मिळायचं. एक दिवस बिरवाडीच्या एका बेकरीत, कारखान्यातल्या कामगारांच्या गर्दीत, चाचांनी नानखटाई खाल्ली आणि ती हुबेहूब आपली लागली. त्यांनी तिथून येऊन भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर भावाला विचारलं, कितीला विकलीस? भावाने अंगावरचा अ‍ॅप्रन काढून काउंटरवर ठेवला. थोड्याच दिवसांत तो कुवेतला गेला आणि त्यानंतर ना पत्र ना फोन. नातेवाइकांना त्याने शपथ घातलेली, त्यामुळे कुणी पत्ता सांगेना. त्या दिवसापासून आईने घरच्या बेकरीची नानखटाई तोंडात घातली नव्हती. आता ती अंथरुणाला खिळलेली, आणि धाकट्याचं नाव घेत होती. तो या साइटवर असतो एवढं कुठून तरी कानावर आलं होतं, पण कुठल्या नावाने, ते कुणी सांगत नव्हतं.

मला माझीच लाज वाटली. मी जाहिरातीचा मजकूर विचारला. मला वाटलं, 'परत ये, आई आजारी आहे' असं काही असेल. त्यांनी मान हलवली. असं दुसरं कोणीही लिहील म्हणाले, त्याला सापळा वाटेल. मग रुमालाशिवाय, उघड्या कीबोर्डवर, एकेक अक्षर शोधत त्यांनी टाईप केलं: आमच्या नानखटाईचं गुपित. तुपात लवंग तळायची आणि काढून टाकायची. पोलादपूर.

म्हणून मोडून दाखवली तरी आत काही सापडत नव्हतं! ज्या गुपितापायी भाऊ गेला, तेच चाचांनी कुवेतच्या बाजारात मांडून ठेवलं होतं.

जाहिरात सुरू झाली आणि नवा घोळ झाला. ती इथे दिसणारच नव्हती. चाचांनी दुसऱ्या दोन कॅफेंत जाऊन खात्री केली आणि रागाने परत आले. मी समजावून थकलो. शेवटी ते म्हणाले, "तू सांगतोस म्हनून मानतो, मास्तर." माझ्या मते आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काही न बघता मानलं होतं.

जाहिरातीवर क्लिक केलं की त्याच साइटवर मी बनवलेलं बेकरीचं पान उघडायचं. तिथे लोक काहीबाही लिहायचे. कुणी भाव विचारायचं, कुणी घाटातल्या धुक्याची आठवण काढायचं. मग एका दुपारी एक ओळ आली. नाव परकं, फोटोच्या जागी मोटार. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं: जायपत्री कुठं गेली?

मला काही कळलं नाही. मी बेकरीत फोन लावून वाचून दाखवायला लागलो, तर चाचांनी मला तोडलं. "वाचू नको. येतो मी. आधी दाखव."

आले ते मॉनिटरच्या मागे न बघता थेट बसले. ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग माझ्याकडे वळले. "हे तू लिवलंस काय, मास्तर?"

मी म्हटलं, चाचा, जायपत्रीचं मला कुठून माहीत? तुम्ही कधी सांगितलं?

"नाय सांगितलं," ते म्हणाले. "कुनालाच नाय सांगितलं. मुद्दाम अर्धंच लिवलं होतं. भलताच कुनी भाऊ म्हनून उभा राहिला तर?"

असा हा माणूस. क्षमा मागायची तीसुद्धा पारखून. मला हसू आलं, पण ते हसत नव्हते. रुमाल त्या दिवशी कीबोर्डवर नव्हता, डोळ्यांवर होता. मग एका बोटाने त्यांनी दोनच अक्षरं लिहिली. ये रे.

भाऊ आला. आई होती तोवर आला, हे सांगायला मला फार बरं वाटतं. त्यानंतर चाचांचं कॅफेत येणं थांबलं. पोलादपूरला गेलो की मीच बेकरीत डोकावायचो. एकदा भाऊ आत भट्टीवर होता तेव्हा मी हळूच विचारलं, बिरवाडीला कुणी सांगितलं होतं, ते विचारलंत का त्याला?

"नाय," चाचा म्हणाले. "विचारलं तर तो उत्तर देईल. मग ते खरं का खोटं, तेच बघत बसेन मी. माझा सोभाव तुला म्हाईत हाय."

दोन वर्षांनी चाचा गेले. मी गेलो तेव्हा काउंटरवर धाकटा होता. माझी ओळख पटल्यावर त्याने बरणीतली नानखटाई काढली, मधोमध मोडली, अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. लवंग होती, जायपत्री होती.

"बिरवाडीला मी नव्हतं सांगितलं," तो आपणहून म्हणाला. "भाई कवातरी विचारील म्हनून वाट बघत होतो. त्यानं विचारलंच नाय."

चाचा मला काय म्हणाले होते, ते मी त्याला सांगितलं. तो काउंटर पुसत राहिला. पुसलेलीच जागा परत पुसली. मग मान वर न करता म्हणाला, "तुमाला तरी खरं वाटतं ना, मास्तर?"

माझ्याजवळ बघायला काहीच नव्हतं. मी म्हटलं, "वाटतं."