मागच्या डब्याचे टायर

टायर फुटला तेव्हा आम्ही पेठहून परत येत होतो. जीप मी चालवत होते, शेजारी नवरा, आणि मागे जोडलेला आमचा डबा. डबा म्हणजे दोन चाकांवरचं छोटं घर. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे संडास. तो नवऱ्याच्या गुडघ्याची उंची मोजून बसवलेला, दोन्ही बाजूंना धरायला दांडे. नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला, त्यात उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. लॉज बंद, लग्नकार्यं बंद, कारण कुठलाच संडास त्याच्या कामाचा नव्हता आणि परक्या माणसाने तिथवर धरून नेणं त्याला मरणाहून जड. अकरा महिने तो गंगापूर रोडवरच्या आमच्या गॅलरीत बसून लोकांच्या गाड्या बघत होता. शेवटी मी अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याच्या मानगुटीवर बसून हा डबा करून घेतला. डबा आहे म्हणून माझा नवरा घराबाहेर पडतो. डबा गेला की परत गॅलरी.

तर पेठ रोडवरच्या सावळ घाटात मोठा आवाज झाला, डबा एका अंगाला कलला आणि जीप मागून कुणी ओढावी तशी हिसडली. मी ब्रेक दाबला नाही. स्टिअरिंग घट्ट धरलं, वेग आपोआप उतरू दिला आणि कडेला थांबले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. एका भल्या पिकअपवाल्याने स्टेपनी चढवून दिली आणि आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मुलगा पुण्याहून हजर.

"आई, बास झालं आता. डबा विकून टाक."

"आणि बाबांनी काय करायचं?"

"घरी राहायचं. सुरक्षित. ते घाबरलेत, त्यांच्या डोळ्यांत दिसतंय."

"मला नाही दिसत."

खरं तर नवऱ्याच्या डोळ्यांत काय आहे हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं. तो खिडकीबाहेर बघत होता. पण बासष्टाव्या वर्षी मला कुणी "बास" म्हटलं की माझ्या अंगात येतं. चाळीस जणांच्या वर्गाला भूगोल शिकवून माझा आवाज मुळातच चढा आहे, तो आणखी चढला.

मुलगा आंघोळीला गेला तशी मी खाली पार्किंगमध्ये गेले. फुटलेला टायर डब्यात पडला होता, तो बाहेर ओढला. रस्त्याला टेकणारी नक्षी चांगली शाबूत होती. मग बाजूची भिंत ओल्या फडक्याने घासली. फडकं काळंभोर झालं, आणि त्या काळ्याखालून भेगा दिसायला लागल्या, पायाच्या टाचेला पडतात तशा. दुसऱ्या टायरलाही त्याच.

ते काळं मीच लावलेलं होतं. दसऱ्याला गाड्यांची पूजा करताना मी जीप धुते, डबा धुते, झेंडूच्या माळा घालते आणि टायरना दुकानातून आणलेलं काळं पॉलिश चोळते. दर दसऱ्याला. टायर कसे नव्यासारखे दिसतात म्हणून शेजारणीही कौतुक करतात. मी हौसेने भेगा बुजवत होते, आणि वर हात जोडत होते. शिवाय ते टायर जीपचे उतरवलेले. मागच्या गाडीला काय, काहीही चालतं, चांगली वस्तू वाया कशाला घालवायची, हे शहाणपणही माझंच. मला स्वतःचा इतका राग आला की मी तिथेच फरशीवर बसले.

पण चूक माझी असेल तर शिक्षा मला व्हावी. नवऱ्याला गॅलरीत का बसवायचं?

वर जाऊन मी मुलाला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "टायर बदल. विकायलाही बरं पडेल." मी म्हटलं, बदलते तर खरी.

या खेपेला अंदाजपंचे काही करायचं नाही असं ठरवलं. डब्यात भांडी, गाद्या, सिलिंडर, सगळं भरलं, पाण्याची टाकी काठोकाठ भरली आणि बापलेकांना जीपमध्ये घालून गोगलगाईच्या वेगाने आधी गेले कांद्याच्या मार्केटजवळच्या वजनकाट्यावर. पुढे मागे कांद्याचे ट्रॅक्टर, मध्ये आम्ही. काटेवाल्याने खिडकीतून मान काढली. "काकू, काय माल हाय?"

"संसार."

"मंग लय भरंल," तो म्हणाला, आणि जीप सोडून फक्त डबा काट्यावर घ्यायला लावला. भरलंच. मी समजत होते त्याच्या जवळजवळ दीडपट.

ती चिठ्ठी घेऊन टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार पिकल्या दाढीचे चाचा. ते सरळ माझ्या मुलाशी बोलायला लागले. "साहेब, ट्रेलरला काय, साधे घाला. दोन वर्षं बघायला नको."

मी चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. "हे भरलेलं वजन. दोन चाकं, म्हणजे एकेकाला याचं निम्मं. त्याहून बऱ्यापैकी जास्त पेलणारा टायर दाखवा, चाचा. बाजूची भिंत जाड हवी."

चाचांनी चष्मा लावला. "अरे ताई, तुम्ही तर डायरेक्ट काट्यावर जाऊन आल्या! मग पिकअपचे घ्या, मालवाहू. बसतील याला." त्यांनी एक जोडी काढली. सुंदर, काळी कुळकुळीत. काळ्याची मला आता दहशतच बसली होती. मी वाकून बाजूवरचे चार आकडे शोधले. पहिले दोन म्हणजे टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन वर्ष.

"चाचा, हे पाच वर्षं तुमच्याकडे पडून आहेत."

"वापरलेले नाहीत ताई, नवेच आहेत."

"रबर पडल्या पडल्याही म्हातारं होतं. मी नाही झाले का?"

चाचा खळखळून हसले आणि आतून याच वर्षीची जोडी घेऊन आले. स्टेपनीसाठी तिसराही. त्यानंतर ते मुलाशी एक शब्द बोलले नाहीत. हवा किती, बोल्ट पुन्हा कधी आवळायचे, सगळं मला सांगितलं.

टायर बसले. मुलगा जीपच्या डाव्या दाराशी गेला, दार उघडलं आणि वाकून हळूच म्हणाला, "बाबा, उतरा. आपण रिक्षाने घरी जाऊ. आईला डबा घेऊन येऊ दे."

मी पलीकडे स्टिअरिंगवर बसले होते. तोंडाशी आलेले दहा शब्द मी गिळले. आजवर नवऱ्याच्या वतीने मीही खूप बोलले होते.

नवऱ्याने मुलाकडे बघितलं. मग डावा हात खांद्यामागे नेला, चाचपडत सीटबेल्ट धरला आणि ओढला. तो अडकला. पुन्हा ओढला, छातीवरून आणला, खटका काही लागेना. मुलाचा हात पुढे झाला, नवऱ्याने तो कोपराने बाजूला केला. तिसऱ्यांदा खटका लागला.

मुलाने दार लावलं आणि मागच्या सीटवर येऊन बसला.

"कुठे?" मी विचारलं.

नवऱ्याने डावं बोट उचलून पेठ रोडच्या दिशेने दाखवलं.