नात, बोलणारी डबी अन् न घ्यायचं नाव

मंडळी, सकाळपासून मनात खदखदतंय, ते इथं लिहून टाकतो.

मुलानं पाच वर्षांच्या नातीसाठी बोलणारी डबी आणली. ती आवाज ऐकवते, पोरीनं प्राणी ओळखायचा. तेव्हापासून माझ्या गोष्टी कोणी ऐकत नाही. खरं सांगतो, जळतो मी त्या डबीवर.

आज सून मोहफुलं वेचायला जंगलात गेली होती. इकडं डबीनं डरकाळी ऐकवली. "सांग, हा कोण?"

पोरगी गप्प. घरचं माणूस जंगलात असलं की आम्ही वाघाचं नाव घेत नाही. हे तिला मीच शिकवलंय.

"काऊन बोलत नाईस?" मी मुद्दाम विचारलं.

"आई जंगलात हाये ना, आबा."

"वेळ संपली. उत्तर आहे वाघ," डबी म्हणाली.

मला आतून बरं वाटलं. आता पोरगी रागावून डबी ठेवून देईल. पण तिनं डबीला मांडीवर घेतलं अन् माझ्याच शब्दांत समजावलं, "असं नाव घेऊ नाई बाई. आई घरी आली का मंग घेजो."

सून दुपारी सुखरूप आली. मी मात्र अजून धुमसतोय. शिकवण माझी, अन् माया त्या डबीला.

माझ्या जागी तुम्ही असता तर खूश झाला असता, की माझ्यासारखे जळला असता?