न उघडलेली झडप

या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक. इलेक्ट्रिकल इंजिनियर माणूस... बिघाडाला कारण असतंच, सापडत नसेल तर आपण नीट शोधलेलं नसतं, हे मी ज्युनियर लोकांना सतरा वेळा ऐकवलंय. आम्ही रंगाऱ्यांच्या घरातले, पिढ्यान्‌पिढ्या मैसूरचे. आमचं मराठी अर्धं कन्नड आहे, तेवढं सांभाळून घ्या.

माझी ड्यूटी मैसूरातल्याच विजयनगर भागातल्या एका पाण्याच्या टाकीवर. टाकीखालच्या मोठ्या पाइपला मोटारीचा व्हॉल्व्ह आहे. कंट्रोल रूममध्ये बटण दाबलं की मोटार फिरते, आतली लोखंडी झडप वळते आणि पाणी सुटतं. त्या दिवशी सकाळी अकराला झडप बंद करून आमचा जुना फिटर महादेवप्पा पुढच्या रिकाम्या पाइपात शिरणार होता. आत माणूस असताना मोटारीचा करंट काढून ठेवायचा, असा नियम. मी काढला नाही. पाच मिनिटांचं तर काम, म्हटलं.

थोड्या वेळानं फोन केला. "लवकर आटप, महादेवप्पा. पाण्यासाठी लोकांचे फोन येतायत."

"आय्तु सार."

कन्नडात 'आय्तु' म्हणजे 'झालं'. आणि 'बरं' म्हणायलाही 'आय्तु'च. घरी मराठी बोलतानाही आम्ही तो शब्द दोन्हीकडे वापरतो. मी 'झालं' ऐकलं. तो 'बरं' म्हणून आत शिरला होता.

मी बटण दाबलं. मोटार चालू, पण स्क्रीनवर झडप शून्य टक्के. परत दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं... झडप ढिम्म. वैतागून खाली गेलो, तर पाइपच्या तोंडाशी महादेवप्पाच्या चपला. आधी मेन स्विच पाडला, मग पाइपात वाकून हाका मारल्या.

तो रांगत बाहेर आला, गुडघ्यांना चिखल.

"झडपेपाशीच होतो सार. मोटार ऐकली. पळून उपयोग नव्हता. झडपेला हात टेकला आणि म्हटलं, इरम्मा, इरम्मा." म्हणजे, थांब गं आई.

"कोणाला म्हणालास?"

"पाण्याला. दुसरं कोण होतं तिथं?"

त्याचे हात धरून मी टाकीवरच्या सगळ्या लोकांसमोर रडलो.

दुपारी गिअरबॉक्स उघडला. दात शाबूत, क्लच बरोबर. पॅनेलच्या नोंदीत मोटार तीनदा फिरलेली. अडकलेल्या झडपेवर मोटार जास्त करंट खेचते, पण इथं करंट रोजच्याइतकाच — म्हणजे मोटारीच्या हिशेबानं झडप तीनदा उघडली होती. कंपनीचा माणूसही बघून गेला. त्यालाही सांगता आलं नाही, मलाही आजवर नाही.

त्या दुपारी पाणी सोडायची वेळ आली, तेव्हा माझं बोट उठेना. महादेवप्पा शेजारीच उभा होता.

"दाबा सार, लोक वाट बघतायत," म्हणाला. शेवटी बटण त्यानंच दाबलं, आणि झडप पहिल्या झटक्यात उघडली.