एका ओळीचा अष्टाचंगा

नातवंडांना लिनक्सवर खेळ चालवणं म्हणजे काहीच वाटत नाही. बटण दाबलं की गाड्या पळतात, माणसं मरतात, पुन्हा उठून धावतात. मी त्यांना सांगते, बाबांनो, तुमच्या आजीनं एकेकाळी लिनक्सवर नुसता चिंचोका पालथा पाडण्यात अख्खा उन्हाळा घालवला होता. ती हसतात. हसू द्या. त्या बाईला मीही हसतेच.

ती बाई पुलगावच्या शाळेत गणित शिकवायची, नाचणगावात संसार करायची आणि नव्वदच्या दशकात एसटीनं वर्ध्याला जाऊन सी भाषेचा कोर्स करून आली होती. हे ती भाजीवालीलासुद्धा सांगायची. सासूबाईंचे गुडघे धरले, त्यांना खाली बसून अष्टाचंगा खेळता येईना, तेव्हा या बाईनं तो खेळ घरच्या कॉम्प्युटरवर उतरवला. पडद्यावर पाच-पाच घरांचा पट. अर्धे फोडलेले चार चिंचोके हवेत गिरक्या घेत आणि पडत. चारही पांढरे पडले की चंगा, म्हणजे चार घरं. चारही काळे पडले की अष्टा, म्हणजे आठ. चंगा किंवा अष्टा पडला की पुन्हा टाकायचं. सासूबाई खुर्चीवर बसून दुपारभर खेळत आणि सुनेला हरवत. सूनही अधूनमधून जिंके. सगळं छान चाललं होतं.

मग दोन हजारनंतर कधीतरी मी वर्ध्यात एका सभागृहात लिनक्सवरचं भाषण ऐकलं. वक्ता म्हणाला, आपलं सूत आपण कातावं, तशी आपली प्रणाली आपण चालवावी. वर्ध्याच्या माणसाला सुताची उपमा दिली की तो विरघळतो. मी तर पाझरलेच. घरी येऊन कॉम्प्युटरवरची जुनी प्रणाली साफ पुसली आणि लिनक्स घातलं. यजमानांचा पत्त्यांचा खेळ गेला. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. दिराकडून आणलेली मोटारशर्यतीची सीडी घातली, तर पडदा काळा झाला तो काळाच राहिला. आणि फ्लॉपीवर जपून ठेवलेला अष्टाचंगा? तो तर उघडेचना.

"हे काय करून ठेवलं वं?" सासूबाई म्हणाल्या. "मायी दुपार कुठी गेली?"

"आई, दोन दिवसांत चालू करून देतो. मीच लिवला होता ना तो."

दोन दिवस! स्वतः लिहिलं म्हणजे स्वतःला कळतं, असा त्या बाईचा समज होता. जुना खेळ नव्या कंपाइलरला, म्हणजे आपलं लिहिलेलं यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, दिला, तर चुकांची यादी पडदाभर खाली सरकत गेली, थांबेचना. चित्रं काढायची फाइल इथे नव्हतीच. कुठलीही एक कळ दाबून पुढं जायची सोय नव्हती, प्रत्येक वेळी एंटर मारावा लागे. मी एक पद्धत काढली. तांदळातला खडा काढावा तशी जी ओळ कुरकुर करील ती उचलून बाहेर टाकायची. भात शिजला ना, मग झालं! चित्रांच्या जागी फुल्या आणि चांदण्या छापल्या. गिरक्या घेणारे चिंचोके आता डोळ्याचं पातं लवण्याआधी पडू लागले, कारण त्यांना रेंगाळवणारं माझं जुनं, नुसते आकडे मोजत वेळ काढणारं चक्र हा नवा कंपाइलर क्षणात संपवायचा.

"चिंचोके फिरलेच नाई," सासूबाई म्हणाल्या. "न फिरलेला डाव मी मानत नाई."

मग प्रत्येक डावाआधी यंत्राला सेकंदभर झोपवलं. तेव्हा कुठे त्यांनी मान्यता दिली.

एवढ्यात कारंजाहून निरोप आला. माझ्या भावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि आसामात राहणारी माझी धाकटी बहीण लग्नाच्या कितीतरी आधी माहेरी येऊन राहणार होती. वर्षानुवर्षं आम्ही दोघी एका ताटात जेवलो नव्हतो. मला आधी जायचं होतं. लग्नापुरतं सगळ्यांबरोबर जीपमध्ये बसून जाणं आणि जीपमध्येच परत येणं, याला मी माहेरी जाणं म्हणत नाही.

पण आमच्या घरात सुनांचं माहेर पटावर ठरायचं. ही सासूबाईंच्या सासूपासूनची रीत. जिंकलीस तर आधी जा, हरलीस तर लग्नापुरती. मी नोकरी करणारी, पोरं मोठी झालेली, सरळ पिशवी उचलून निघाले असते तर कोणी अडवलं नसतं. पण न जिंकता निघणं म्हणजे जावांना जन्मभराचा विषय देणं.

"रोज दुपारी एक डाव," सासूबाई म्हणाल्या. "ज्या दिवशी मले हरवशीन, त्याच दिवशी निघजो."

मनात म्हटलं, परवापर्यंत कारंजाला पोचते.

पहिल्या दिवशी हरले. दुसऱ्या दिवशीही. त्यानंतरही हरतच गेले. माझी सोंगटी आत शिरायच्या बेतात आली की सासूबाईंची सोंगटी मागून येऊन तिला मारायची. त्यांची सोंगटी मात्र माझ्या तावडीत कधी यायचीच नाही. एक घर पुढं नाहीतर एक घर मागं. मी लिनक्सला शिव्या घातल्या, कीबोर्डला घातल्या, साडेसातीची चौकशी केली. तिकडे बहिणीचा फोन आला. "येऊन राह्यली का नाई? मी आमरस काय एकटीच खाऊ?" मी म्हटलं, "उद्या निघतो." असा उद्या मी तिला किती वेळा सांगितला असेल कोण जाणे.

डाव चालू असताना सासूबाई काहीतरी पुटपुटत असत. मला वाटे, नामस्मरण. किती भाविक आहेत, असंही वाटे.

मग एका दुपारी डाव ऐन रंगात आला आणि लाईन गेली. त्या उन्हाळ्यात ती रोजच जायची, पण आमच्या डावाच्या वेळेला नव्हे. लाईन आल्यावर खेळ पुन्हा पहिल्यापासून लावला. पहिला चंगा. मग दोन. मग तीन. मग अष्टा. माझा हात एंटरवरच थांबला. अर्ध्या तासापूर्वीही हेच पडलं होतं. चंगा, दोन, तीन, अष्टा.

गणिताच्या बाईला तेव्हा उजाडलं. दर वेळी दान वेगळं पडावं म्हणून जुन्या खेळात एक ओळ होती. लिनक्सवर ती कुरकुरली आणि मी तिला खडा समजून फेकून दिली. तेव्हापासून रोज तीच दानं त्याच क्रमानं पडत होती. सोंगट्या आम्ही वेगवेगळ्या हलवायचो, म्हणून पट रोज निराळा दिसायचा आणि मला काही कळलं नाही. सासूबाईंना कळलं होतं. आरती पाठ असावी तसा तो क्रम त्यांना पाठ होता. ते पुटपुटणं नामस्मरण नव्हतंच!

खरं तर तिथल्या तिथे विचारायला हवं होतं. पण मी त्यांचीच सून. स्वयंपाकघरात भांडी वाजत असताना खेळात गुपचूप एक बदल केला. काही दानं नेहमीसारखी पडली की मधलं एक दान कोणाला न दाखवता टाकून द्यायचं. म्हणजे तिथून पुढचा क्रम एक पाऊल सरकला आणि हे फक्त मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई ऐटीत बसल्या. त्यांनी आपली सोंगटी माझ्या तीन घरं पुढं निर्धास्त आणून ठेवली. मी एंटर मारला. तीन. त्यांची सोंगटी मेली.

"हे काऊन असं झालं?"

"कसं?"

"दोन पडाले पायजे होते."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"तुमाले कसं माईत, दोन पडणार होते म्हून?"

"अन् तुले कसं माईत होतं, का नाई पडणार? तोंड पाह्य आपलं आरशात. बोक्यानं साय खाल्ल्यावानी दिसून राह्यली!"

तक्रार करावी तर त्यांची चोरी उघडी पडणार, उत्तर द्यावं तर माझी. आधी त्या हसल्या, मग मी. यजमान दारात येऊन विचारू लागले, "काय झालं?" तर सासूबाई म्हणाल्या, "काई नाई, तुयी बायको शिकलेली हाये." आणि पुन्हा हसल्या.

शेवटी टेबलावर खडूनं पट काढला. डब्यातून खरे चिंचोके आले. खुर्च्यांवर बसून आम्ही खरा डाव खेळलो आणि मी जिंकले. चक्क जिंकले!

"जाय," सासूबाई म्हणाल्या. "पण जायच्या पैले हे डबडं सुधरवून जाय. तू तिकडं आमरस खाशीन, मी इथं एकटीनं दुपार कशी काढू? अन् मले आता सच्चा डाव पायजे."

"एक ओळ आहे, आई. संध्याकाळच्या गाडीनं निघतो."

पिशवी दारात आणून ठेवली आणि ओळ लिहायला बसले. यंत्रानं घड्याळ बघून दर वेळी नव्यानं दान ठरवावं, अशी ती ओळ. लिहिली, खेळ लावला. चंगा. पुन्हा टाका. चंगा. पुन्हा. अष्टा. चंगा. चंगा. चंगा किंवा अष्टा पडला की पुन्हा टाकायचं, आणि दुसरं काही पडेचना. सासूबाई एंटर मारतायत, मारतायत.

"मायी पाळी संपूनच नाई राह्यली वं!" त्या ओरडल्या. "तुयी कधी येईन?"

संध्याकाळची गाडी गेली. सकाळचीही गेली. पिशवीवर मांजर झोपू लागली. मी ओळ बदलून पाहिली, खोडली, पुन्हा लिहिली, लिनक्स पहिल्यापासून घातलं, लाईन गेली, पुन्हा घातलं. हाताशी पुस्तक नव्हतं. वर्ध्याला फोन करावा तर कोर्स शिकवणारे सर सुट्टीवर. शेवटी एकदाचं दिसलं. ओळ बरोबर होती, तिची जागा चुकली होती. मी ती प्रत्येक चिंचोक्यापुढं वाचायला लावली होती. चारही चिंचोके एकाच सेकंदाला घड्याळ बघत, म्हणून चारही एकाच अंगावर पडत. तीच ओळ उचलून खेळाच्या सुरुवातीला, एकदाच, ठेवायची होती. ठेवली. दोन पडले. एक पडला. सासूबाई म्हणाल्या, "आता खरं."

तेवढ्यात बाहेर जीपचा हॉर्न वाजला. सगळे लग्नाला निघाले होते. मी मांजर बाजूला केली, पिशवी उचलली आणि सासूबाईंशेजारी दाटीत बसले. हरले असते तरी याच जीपमध्ये, याच जागेवर बसले असते.

कारंजाला मांडवाच्या दारात बहीण उभी होती. हाताला मेंदी, कपाळाला आठ्या.

"इतके दिवस काय करत होतीस तू?"

"एक ओळ लिवत होतो."

"एक ओळ लिवता लिवता लग्न आलं?" ती म्हणाली. "दोन लिवल्या असत्या, तर नवरीच्या लेकराच्या बारशालेच पोचली असतीस!"